अल्झायमर यांनी टिपलेली तिसरी खूण

स्मृतिभ्रंशाच्या आजाराला ज्यांचे नाव मिळाले, त्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १८६४ मध्ये जर्मनीतील मार्क्टब्राइट गावी झाला. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ते रुग्णही तपासत आणि मेंदूचे कापही सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. १९०१ हे वर्ष त्यांना कठीण गेले. पत्नीचे निधन झाले. त्याच वर्षाअखेरीस ५१ वर्षांची आउगुस्टे रुग्णालयात दाखल झाली. तिला स्वतःचे नावही धड लिहिता येईना.

१९०६ मध्ये ती वारली, तेव्हा अल्झायमर म्युनिकला होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला. त्यात पेशींबाहेर साचलेले गोळे, पेशींच्या आत तंतूंचे गुंते आणि ‘ग्लिया’ या आधार देणाऱ्या पेशींमध्ये चरबी दिसली. ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडले. कुणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आजाराला त्यांचे नाव दिले. १९१५ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षीच, अल्झायमर गेले.

पुढे गोळे आणि गुंते यांवर भरपूर संशोधन झाले. चरबी मात्र मागे पडली. शरीरातील सुमारे २० टक्के कोलेस्टेरॉल मेंदूत असते. रक्तातले तिथे जवळजवळ पोहोचतच नाही. मेंदू ते स्वतः बनवतो. ‘एपीओई’ हे प्रथिन त्याची ने-आण करते. या प्रथिनाच्या जनुकाचा ‘ई-४’ प्रकार असल्यास अल्झायमरचा धोका वाढतो, हे १९९३ मध्ये समजले. धोका वाढतो, आजार होईलच असे नाही. तेव्हापासून ती दुर्लक्षित चरबी पुन्हा अभ्यासाचा विषय झाली.