टेलिफोनच्या आधीचे ग्रॅहॅम बेल: कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवणारा माणूस

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट आली की त्यात लहान-मोठ्या उभ्या रेघा दिसतात. आवाज वाढला की रेघ उंच, कमी झाला की बुटकी. आवाज असा डोळ्यांना दिसावा म्हणून दीडशे वर्षांपूर्वी एक शिक्षक धडपडत होता. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. आपल्याला ते टेलिफोनमुळे माहीत आहेत, पण त्यांचा खरा पेशा होता स्पीच थेरपिस्टचा, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून आज मी तीच बाजू सांगणार आहे.

घरातच सुरुवात

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधल्या एडिनबरा इथे झाला. आजोबा आणि वडील दोघेही उच्चार शिकवायचे, अडखळत बोलणाऱ्यांना मदत करायचे. आई एलायझा यांना मात्र फार कमी ऐकू यायचं. बाकीचे लोक त्यांच्या कानाला लावलेल्या नळीत मोठ्याने बोलत. अलेक्झांडर त्यांच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू, खोल आवाजात बोलायचे. बोटांच्या खुणांनीही ते आईशी गप्पा मारायचे.

वडिलांनी ‘व्हिजिबल स्पीच’ नावाची लिपी तयार केली होती. आपल्या बाराखडीतला क-वर्ग कंठातून, प-वर्ग ओठांतून येतो, हे आपण शाळेत शिकतो. या लिपीत तर अक्षराचा आकारच सांगायचा की जीभ कुठे ठेवायची, ओठ कसे करायचे, घसा कसा वापरायचा. म्हणजे न ऐकता उच्चार शिकता येईल, अशी कल्पना.

दोन्ही भाऊ क्षयाने गेल्यावर १८७० मध्ये कुटुंब कॅनडात आलं. पुढच्याच वर्षी बेल बोस्टनमधल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत ही लिपी शिकवायला लागले.

टेलिफोन आला कुठून?

मुलांची अडचण साधी होती. आपण बोललो ते बरोबर की चूक, हे त्यांना कळणार कसं? बेल यांना वाटलं, आवाजाचा आकार दाखवला तर? १८७४ मध्ये त्यांनी एका डॉक्टर मित्राकडून मृत माणसाचा कान मिळवला. त्यातल्या नाजूक हाडाला गवताची काडी जोडली आणि खाली काजळी धरलेली काच ठेवली. कानात बोललं की पडदा थरथरायचा, काडी हलायची आणि काचेवर नागमोडी रेघ उमटायची.

इतका पातळ पडदा हाडं हलवतो, तर मोठा पडदा लोखंडाची पट्टी का नाही हलवणार? हलली तर तीच थरथर विजेच्या प्रवाहात उतरवून तारेने लांब पाठवता येईल. टेलिफोनची बीजकल्पना ती हीच. ७ मार्च १८७६ रोजी त्यांना पेटंट मिळालं.

पुढच्या वर्षी त्यांनी मेबल हबर्ड यांच्याशी लग्न केलं. पाच वर्षांच्या असताना स्कार्लेट फीव्हरने मेबल यांची श्रवणशक्ती गेली होती. लग्नात बेल यांनी कंपनीतले आपले दहा सोडून सगळे शेअर्स बायकोला दिले. पण नवऱ्याने बनवलेल्या टेलिफोनवर तिला कधीच बोलणं ऐकता आलं नाही.

आणि दुसरी बाजू

इथवर गोष्ट छान आहे, पण पुढचं लपवणं मला बरोबर वाटत नाही. कर्णबधिर मुलांनी बोलावं आणि ओठ वाचावेत, खुणांच्या भाषेवर अवलंबून राहू नये, असा बेल यांचा आग्रह होता. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान इथे शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हटवण्याचा ठराव केला. बेल तिथे नव्हते, पण अमेरिकेत त्याच विचाराचा सगळ्यात वजनदार आवाज त्यांचाच होता. १८८३ मध्ये तर त्यांनी कर्णबधिरांच्या आपापसातल्या लग्नांवर, वेगळ्या निवासी शाळांवर आणि कर्णबधिर शिक्षकांवरही आक्षेप घेणारा निबंध वाचला.

त्यांना विरोध करणारे एडवर्ड गॅलॉडेट यांची आईसुद्धा कर्णबधिर होती, आणि ती खुणांनी बोलायची. मुलांना बोलणं शिकवा, पण त्यांच्या हातातली भाषा काढून घेऊ नका, असं त्यांचं म्हणणं. मला यात गॅलॉडेट बरोबर वाटतात. ऐकू न येणारं मूल बोलायला शिकेपर्यंत वर्षं जातात. तोवर त्याला खुणाही करू दिल्या नाहीत, तर त्याच्याकडे कुठलीच भाषा उरत नाही, आणि भाषा नाही तर शिकणार कसं? मिलानचे ठराव चुकीचे होते, हे त्याच मालिकेतल्या परिषदेने मान्य केलं ते थेट २०१० मध्ये, व्हँकुव्हरला.

बेल वाईट माणूस होते का? तसं मी म्हणणार नाही. १८८६ मध्ये हेलन केलरचे वडील तिला घेऊन आले, तेव्हा पर्किन्स शाळेचा रस्ता बेल यांनीच दाखवला आणि तिथूनच तिला ॲन सलिव्हन ही शिक्षिका मिळाली. टेलिफोनच्या कीर्तीतून मिळालेला पैसाही त्यांनी कर्णबधिरांसाठीच्या कामात घातला. २ ऑगस्ट १९२२ रोजी ते गेले. दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले होते. आवाज मोजायच्या डेसिबलमध्ये आजही त्यांचंच नाव आहे.

तुमच्या फोनमध्ये काय?

गुगलचं ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ अ‍ॅप समोरच्याचं बोलणं लगेच अक्षरांत दाखवतं. २०१९ मध्ये आलेलं हे अ‍ॅप गॅलॉडेट विद्यापीठाच्या मदतीने बनलं, म्हणजे बेल यांच्या विरोधकाने घडवलेल्या संस्थेच्या! आणि व्हिडिओ कॉलवर आज कर्णबधिर मित्र खुणांनी तासन्‌तास गप्पा मारतात. ज्या फोनवर मेबल यांना बोलणं ऐकता आलं नाही, त्याच फोनवर.

तुमच्या ओळखीत कुणाला ऐकायला किंवा बोलायला त्रास होत असेल, तर फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडून त्यांना हे पर्याय दाखवा. पण आधी विचारा की त्यांना काय सोयीचं आहे: बोलणं, लिहिणं की खुणा. बेल यांच्याकडून नेमकं हेच विचारायचं राहून गेलं.