एसी उलटा चालवला तर घर गरम होतं, हे १८५२ मध्येच सांगणारे लॉर्ड केल्विन

मे महिना आला की बीडजवळच्या नेकनूरमध्ये पारा चाळिशीला टेकतो. मग चर्चा सुरू होते, विंडो एसी घ्यायचा की स्प्लिट? त्यात दुकानदार ‘हॉट अँड कोल्ड’ मॉडेल पुढं करतो आणि गोंधळ आणखी वाढतो. या तिन्हींमागचं गणित ज्यांनी मांडलं ते म्हणजे विल्यम थॉमसन, अर्थात लॉर्ड केल्विन.

त्यांचा जन्म २६ जून १८२४ चा, आयर्लंडमधल्या बेलफास्टचा. आई लवकर गेली. गणिताचे प्राध्यापक असलेल्या वडिलांना ग्लासगो विद्यापीठात जागा मिळाली आणि दहा वर्षांचा विल्यम तिथल्याच वर्गात जाऊन बसू लागला. २२ व्या वर्षी तो त्याच विद्यापीठात प्राध्यापक झाला. तापमान उणे २७३ अंशांच्या खाली जाऊच शकत नाही, या हिशोबावर उभी असलेली मोजपट्टी त्यांनी १८४८ मध्ये सुचवली. आज ती केल्विन नावानं शाळेत शिकवतात.

त्या काळी उष्ण देशांत, म्हणजे भारतातही, राहणाऱ्या इंग्रजांना उन्हाळा सोसवत नव्हता. हवा दाबून आणि पुन्हा फुगवून खोल्या थंड करता येतील, अशी कल्पना खगोलशास्त्रज्ञ पियाझी स्मिथ यांनी मांडली होती. थॉमसन यांनी १८५२ मध्ये त्याचं गणित केलं आणि एक पाऊल पुढं गेले. हेच यंत्र उलटं चालवलं तर घर गरमही होईल, असं त्यांनी दाखवलं. मोटार विहिरीतलं पाणी वर खेचते, तशी बाहेरच्या हवेतली उष्णता आत खेचायची. त्यामुळं इंधन कमी लागतं. यालाच आज हीट पंप म्हणतात.

पण तेव्हा ब्रिटनमध्ये कोळसा मुबलक होता. कल्पना कागदावरच राहिली. थॉमसन अटलांटिक समुद्राखालच्या तारेच्या कामात गुंतले. १८६६ मध्ये ती तार यशस्वी झाली आणि त्यांना ‘सर’ किताब मिळाला. १८९२ मध्ये लॉर्ड झाल्यावर त्यांनी विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचं नाव घेतलं. पृथ्वीच्या वयाचा त्यांचा अंदाज मात्र साफ चुकला. १७ डिसेंबर १९०७ ला ते गेले. न्यूटन यांच्या शेजारी त्यांना पुरलं. घरोघरी हीट पंप आलेला त्यांनी पाहिला नाही.

आता दुकानातला प्रश्न. विंडो आणि स्प्लिट, दोन्हींचं तत्त्व एकच. विंडोमध्ये सगळं एकाच डब्यात असतं, त्यामुळं बसवणं आणि घर बदलताना काढून नेणं सोपं, पण आवाज जास्त. स्प्लिटचा कॉम्प्रेसर बाहेर राहतो, आत शांतता मिळते, पण नळ्या नीट जोडाव्या लागतात आणि बाहेरच्या युनिटला मोकळी हवा हवी.

‘हॉट अँड कोल्ड’ घेताना एवढंच विचारा : आत हीट पंप आहे की नुसती हीटरची कॉइल? कॉइल असेल तर बिल जास्त येईल. आणि नेकनूरच्या थोड्या दिवसांच्या थंडीसाठी जादा पैसे मोजायचे का, हेही आधी ठरवा.