स्पर्धा नको म्हणणारे शाळामास्तर. 'शोतोकान' कराटे जगभर कसं पोहोचलं?

शोतोकान कराटेच्या क्लासमध्ये समोरच्या भिंतीवर अनेकदा एका वृद्ध गृहस्थांचा फोटो दिसतो. ते म्हणजे गिचिन फुनाकोशी. जगभर पसरलेल्या या घराण्याचे मूळ गुरू.

त्यांचा जन्म १८६८ चा, ओकिनावा बेटावरच्या शुरी शहरातला. तेव्हा तिथे र्‍युक्यू राज्य होतं. जपानने ते १८७९ मध्ये ताब्यात घेतलं. म्हणजे टोकियोसाठी कराटे बाहेरूनच आलेलं. लहानपणी अशक्त असलेले फुनाकोशी आसातो आणि इतोसू या गुरूंकडे शिकले. पोटापाण्यासाठी शाळेत मास्तरकी केली.

१९२२ मध्ये शिक्षण खात्याच्या क्रीडा प्रदर्शनात कराटे दाखवायला ते टोकियोला गेले. वय ५३. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकानमध्ये प्रात्यक्षिकासाठी बोलावलं आणि परतीचा बेत लांबत गेला. हाताशी पैसा नव्हता. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहायचं, तिथली झाडलोट करायची आणि तिथेच शिकवायचं, असे दिवस त्यांनी काढले. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठात क्लब सुरू झाला.

मग त्यांनी जे केलं त्याला आज आपण रीब्रँडिंग म्हणू. 'कराटे'तल्या 'कारा'साठी पूर्वी 'चीन' अर्थाचं अक्षर लिहीत. फुनाकोशींनी त्याच उच्चाराचं 'रिकामा' अर्थाचं अक्षर घेतलं. चिनी हाताचा रिकामा हात झाला! पांढरा पोशाख आणि काळा पट्टा ज्युदोकडून आला. ओकिनावात यावर नाराजीही उमटली.

'शोतो' हे त्यांचं टोपणनाव. अर्थ, पाइनच्या झाडांतली वाऱ्याची सळसळ. त्यावरून शिष्यांनी उभारलेल्या वास्तूचं नाव पडलं शोतोकान. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती नष्ट झाली. त्याच वर्षी, घराण्याचा वारसा सांभाळणारा मुलगा गिगो क्षयाने गेला. दोन वर्षांनी पत्नीही गेली.

१९४९ मध्ये शिष्यांनी जपान कराटे असोसिएशन स्थापन केली. पण इथेच खरा पेच होता. फुनाकोशींच्या मते कराटेचा गाभा 'काता', म्हणजे ठरावीक हालचालींचा एकट्याने करायचा सराव. हार-जितीच्या लढती त्यांना मान्य नव्हत्या. तरुण शिष्यांना मात्र त्याच हव्या होत्या.

२६ एप्रिल १९५७ रोजी त्यांचं निधन झालं. अंत्यविधीवरूनही शिष्यांत फूट पडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये असोसिएशनने पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. लढतीत जिंकलेले हिरोकाझू कानाझावा पुढे १९६१ मध्ये शिकवायला हवाईला गेले. १९६५ मध्ये ते कासे, एनोएदा आणि शिराई यांच्यासह युरोपात पोहोचले. एनोएदा इंग्लंडमध्येच राहिले, शिराई इटलीत. परदेशातलं शोतोकान उभं राहिलं ते बरंचसं या स्पर्धेत तयार झालेल्या पिढीवर.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली कराटे पहिल्यांदा खेळलं गेलं. पुरुषांच्या काताचं सुवर्ण ओकिनावाच्या र्‍यो कियुनाने जिंकलं. पॅरिसला मात्र हा खेळ वगळण्यात आला.