विश्लेषण : भावंडांच्या संकरातून प्रयोगशाळेचा उंदीर घडवणाऱ्या हेलन डीन किंग कोण होत्या?

रक्तदाबाचे औषध असो किंवा अवयव प्रत्यारोपण, नव्या उपचाराची चाचणी अनेकदा आधी उंदरावर होते. फार्मसीच्या विद्यार्थ्यांना तर ‘विस्टर’ उंदीर चांगलाच परिचित. हे नाव फिलाडेल्फियातील विस्टर इन्स्टिट्यूटचे. मात्र तेथे पिढ्यानपिढ्या उंदीर वाढवणाऱ्या डॉ. हेलन डीन किंग यांचे नाव फारसे कोणी घेत नाही.

प्राध्यापक पदापर्यंतची वाट

किंग यांचा जन्म २७ सप्टेंबर १८६९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ओवेगो येथे झाला. १८९२ मध्ये व्हासार महाविद्यालयातून पदवी आणि १८९९ मध्ये ब्रिन मॉरमधून पीएच.डी. त्यांचे मार्गदर्शक थॉमस हंट मॉर्गन यांना पुढे नोबेल मिळाले. किंग यांच्या वाट्याला मात्र आधी शाळेतील शिक्षिकेची नोकरी आली. विस्टरमध्ये त्या आल्या तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या आणि भ्रूणशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या त्या १९२७ मध्ये.

नेमका प्रयोग काय होता?

१९०९ मध्ये त्यांनी एकाच वेतातील चार पांढरे उंदीर घेतले, दोन नर आणि दोन माद्या. त्यानंतर प्रत्येक पिढीत सख्ख्या भावंडांचाच संकर. सुरुवातीच्या पिढ्यांत खुरटी, व्यंग असलेली पिल्ले निघाली, काही माद्या वांझ राहिल्या. येथेच प्रयोग गुंडाळला जाऊ शकला असता. पण संकर न केलेले नेहमीचे उंदीरही तेव्हा तसेच आजारी होते, हे किंग यांनी हेरले. दोष खाद्याचा होता. आहार सुधारला आणि पिढ्याही सावरल्या. पुढे दर पिढीतील सुदृढ पिल्लेच निवडत त्यांनी २५ पिढ्यांपर्यंतचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अंतःप्रजननाने वंश खालावतोच असे नाही, हा त्यांचा दावा.

यात एक मेख होती. अशक्त पिल्ले बाजूला काढत गेल्यास उरलेला वंश बळकट दिसणारच. वृत्तपत्रांना या बारकाव्याशी देणेघेणे नव्हते. किंग जणू माणसांतील रक्ताच्या नात्यातील विवाहांचेच समर्थन करत आहेत, अशा थाटाच्या बातम्या आल्या आणि त्यांच्यावर टीका झाली.

सारखेच उंदीर कशासाठी?

गणित सोपे आहे. भावंडांचा संकर सलग २० पिढ्या केला की जनुकीय विविधता दोन टक्क्यांच्याही खाली येते. सगळे उंदीर जवळपास जुळ्यांसारखे होतात. एकाची त्वचा दुसऱ्याला लावली तरी शरीर ती नाकारत नाही. अशा समूहाला स्ट्रेन किंवा वाण म्हणतात. किंग यांचा ‘पीए’ हा उंदरांतील बहुधा सर्वांत जुना वाण. १९४६ पर्यंत त्याच्या १३५ पिढ्या झाल्या होत्या. जपानमधील ‘विस्टर-किंग-ए’ या वाणाच्या नावात त्यांचे आडनाव आजही आहे.

१९१९ पासून त्यांनी फिलाडेल्फिया परिसरात पकडलेले जंगली उंदीरही पिंजऱ्यात वाढवले. हे काम जास्त कटकटीचे. सुरुवातीच्या बऱ्याच माद्यांनी पिल्लेच दिली नाहीत. पण याच साठ्यातील तपकिरी रंगाच्या उंदरांपासून १९५८ मध्ये बिलिंगहॅम आणि सिल्व्हर्स यांनी ‘ब्राउन नॉर्वे’ वाण तयार केला.

वाणांची भाऊबंदकी

‘लुईस’ हा वाण विस्टर साठ्यातला. उच्च रक्तदाबाचा ‘एसएचआर’ १९६३ मध्ये क्योटोत तयार झाला, तोही विस्टरच्याच वंशातून. म्हणजे ही एकाच घराण्यातील चुलत भावंडे. ब्राउन नॉर्वे मात्र या गोतावळ्यापासून जनुकीयदृष्ट्या बराच दूर आहे, आणि म्हणूनच उपयोगी. दूरच्या दोन वाणांचा संकर केला की कोणता गुण कोणाकडून आला, हे शोधता येते. प्रागच्या शास्त्रज्ञांनी एसएचआर आणि ब्राउन नॉर्वेपासून असाच संच तयार केला. २००४ मध्ये माणूस आणि माऊसनंतर जनुकीय आराखडा प्रसिद्ध झालेला तिसरा सस्तन प्राणी म्हणजे हाच ब्राउन नॉर्वे.

पिढ्या मोजण्यात घाई झाली की काय होते, हेही याच घराण्यात दिसले. एसएचआरशी तुलनेसाठी वापरला जाणारा ‘विस्टर-क्योटो’ वाण पूर्ण स्थिर होण्याआधीच वाटला गेला. परिणामी, एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या उंदरांत जनुकीय फरक आढळले आणि त्यांच्या आधारे काढलेल्या निष्कर्षांवर प्रश्नचिन्ह लागले.

१९३२ मध्ये किंग यांना एलेन रिचर्ड्स पुरस्कार मिळाला. विस्टरमधील सुमारे चार दशकांच्या कामानंतर त्या निवृत्त झाल्या, तेव्हा वय ऐंशीच्या घरात होते. ९ मार्च १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. ब्राउन नॉर्वे हे नाव रूढ झालेले पाहायला त्या नव्हत्या.