पडद्यामागचे संगीतकार : बर्नार्ड हरमन

सिनेमा बघताना छातीत धडधड होते ती पुष्कळदा संगीतामुळे. असे संगीत देणाऱ्या बर्नार्ड हरमन यांची माहिती मी येथे देत आहे.

त्यांचा जन्म २९ जून १९११ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात झाला. ते रेडिओवर संगीत देत असत. तिथंच ऑर्सन वेल्स यांच्याशी त्यांची गाठ पडली. वेल्स यांच्या 'सिटिझन केन' (१९४१) या चित्रपटाला त्यांनी संगीत दिले.

१९५५ मध्ये दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांच्याशी त्यांची जोडी जमली. 'सायको' (१९६०) मध्ये न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीत नको, असे हिचकॉक यांचे मत होते. हरमन यांनी मात्र ते तयार केलेच. ढोल नाही, बासरी नाही, सगळी व्हायोलिनसारखी तंतुवाद्ये! ती किंचाळल्यासारखी वाजली. ते ऐकून हिचकॉक यांनी आपले मत बदलले. आज तो प्रसंग संगीतामुळेच लोकांच्या लक्षात आहे.

पुढे १९६६ च्या 'टॉर्न कर्टन'साठी लोकांना आवडेल असे हलकेफुलके संगीत हवे होते. हरमन यांनी आपल्याच पद्धतीने रचना केली. हिचकॉक यांनी ध्वनिमुद्रण थांबवले व दुसरा संगीतकार घेतला. अकरा वर्षांची जोडी कायमची फुटली.

तरी हरमन यांनी काम सोडले नाही. 'टॅक्सी ड्रायव्हर'चे ध्वनिमुद्रण संपवले आणि काही तासांतच, २४ डिसेंबर १९७५ रोजी, ते वारले.

मला वाटतं, दोघांनी मिळून काम करायचं तर एकमेकांचं आधी नीट ऐकून घ्यावं. मग 'हो' म्हणा की 'नाही' म्हणा!