छात्रालयातले गुरुजी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. सानेगुरुजी म्हणजे 'श्यामची आई' लिहिणारे, एवढीच माझी माहिती होती. गेल्या वर्षी वसतिगृहात पाण्याच्या बादलीवरून माझे आणि शेजारच्या खाटेवरील मित्राचे भांडण झाले. रागाच्या भरात मी त्याची जात काढली. तेव्हापासून तो माझ्याशी बोलेनासा झाला. त्याच दिवसांत वाचनालयातून गुरुजींचे चरित्र आणले आणि शिक्षक म्हणून ते कसे होते हे मला प्रथमच कळले.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घरची स्थिती खालावलेली. औंध, पुणे अशा ठिकाणी हालअपेष्टा सोसून त्यांनी शिक्षण घेतले, एम. ए. झाले आणि १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. अमळनेर आपल्याला परके नाही. आपले मलकापूर ओलांडले की खानदेश लागतो, त्यातलेच ते गाव.

पुढे शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आळशी मुलाला ते छडी मारीत नसत. त्याचे अंथरूण आवरून ठेवीत, कपडे धूत, कंदिलाची काच पुसून ठेवीत. ते पाहून मुलगाच शरमून जाई आणि दुसऱ्या दिवशी आपले काम आपण करू लागे.

याहून मला नवल वाटले ते त्यांच्या हस्तलिखित दैनिकाचे. त्याचे नाव 'छात्रालय'. शाळेचे काम सांभाळून गुरुजी ते स्वतःच्या हाताने लिहून काढीत आणि मुलांना वाचायला ठेवीत. थोरांची चरित्रे, देशातल्या घडामोडी, कविता, गोष्टी असे त्यात असे. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही काढले. भांडू नका असे व्याख्यान देणे सोपे आहे. गुरुजींनी मुलांपुढे रोज एक कागद ठेवला. त्या एका कागदाभोवती निरनिराळ्या घरांतली मुले खांद्याला खांदा लावून वाचत असतील, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे येते.

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. तुरुंगवास भोगला. पण जी शिकवण छात्रालयात दिली तीच त्यांनी पुढे साऱ्या महाराष्ट्राला दिली. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. त्यासाठी त्यांनी गावोगाव हिंडून लोकांची मने वळवली आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले. कोणावर हात न उगारता त्यांनी ते दार उघडायला लावले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, म्हणजे दुरावा राहणार नाही, हे त्यांचे आंतरभारतीचे स्वप्न होते. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. वय अवघे पन्नास.

पंढरपूरची हकीकत वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्या शेगावहून गजानन महाराजांची पालखी दर आषाढीला पायी पंढरपूरला जाते. आमच्या घरी वारी पिढ्यान्‌पिढ्यांची. माझ्या पणजोबांना विठोबाच्या पायावर डोके ठेवता आले. माझ्या मित्राच्या पणजोबांना मात्र १९४७ पूर्वी त्या दाराबाहेरच थांबावे लागले असते. गुरुजींनी प्राण पणाला लावून जे दार उघडले, ते मी एका बादलीसाठी पुन्हा लोटले होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या वसतिगृहाच्या भित्तिपत्रकासाठी मी गुरुजींवर लेख लिहिला. शेवटी, चूक माझी होती, हेही लिहून टाकले. मित्राने ते उभ्याने वाचले. काही बोलला नाही. संध्याकाळी बादली भरून त्याने माझ्या खाटेपाशी आणून ठेवली, आणि कंदिलाची काच पुसणारे गुरुजी मला आठवले. त्या रात्री आम्ही पुढच्या भित्तिपत्रकाचा मजकूर एकत्र बसून लिहिला. त्याचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे.