चिकटणारा, पण सोडणारा!

सॅनिटरी पॅडमागची पट्टी दाबली की चिकटते, ओढली की अलगद सुटते. ही युक्ती कळायला रिचर्ड ड्रूला भेटा. हा अमेरिकन पठ्ठ्या बँजो वाजवायचा. इंजिनीअरिंग अर्धवट सोडून १९२१ मध्ये थ्रीएम कंपनीत लागला. सँडपेपर तपासायला गॅरेजमध्ये गेला, तर तिथे दुरंगी गाड्यांवर चिकटवलेला कागद काढताना रंगही सोलून येत होता! साहेब म्हणाले, हा नाद सोड. याने नाही सोडला. १९२५ मध्ये मास्किंग टेप, १९३० मध्ये सेलोफेन टेप! तो १९८० मध्ये गेला. तोवर याच तत्त्वाने पॅडचा कमरपट्टा सुटला होता, डायपरची सेफ्टी पिनही. धरायचं किती आणि सोडायचं कधी, बघा, सगळी गंमत त्यातच!